तोंडाचा कॅन्सर, नवा जबडा आणि रेडिएशनने भाजलेली कातडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात प्रश्नांची रांग लागते, आणि ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळतात जेमतेम पाच मिनिटं. शस्त्रक्रियेआधी रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे हे प्रश्न मी रोज ऐकते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडतात. श्रीमंत देशांत हा आजार तुलनेनं कमी, म्हणून त्यावरची बरीचशी उत्तरं आपल्यालाच शोधावी लागली. त्यातली अनेक परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सापडली आणि आज जगभर वापरली जातात. ती ज्यांच्यासाठी शोधली, त्या घरांपर्यंत मात्र ती मराठीत फारशी पोचत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते ठरवायला हे पान उपयोगी पडावं.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. तपासणीसाठी जखमेचा लहानसा तुकडा घेतल्याने आजार पसरत नाही. तुकड्याच्या भीतीने दोन-तीन महिने गुळण्या आणि झाडपाल्यावर काढले, तर तेवढ्यात गाठ वाढते. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखत असो वा नसो, तपासून घ्या.

गाठ जिभेवर आहे, मानेत काहीच लागत नाही. मग मान कशाला उघडायची?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि तो रास्त आहे. एकेकाळी डॉक्टरांमध्येही यावरून दोन तट होते. एका बाजूचं म्हणणं, मानेतल्या ग्रंथी गाठीबरोबरच काढून टाकाव्यात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रुग्णावर लक्ष ठेवावं, मानेत गाठ आलीच तर तेव्हा काढता येईल. उगाच मोठी चीर कशाला?

२००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलमध्ये ५९६ रुग्णांवर याची परीक्षा घेतली. सगळ्यांची तोंडातली गाठ सुरुवातीच्या टप्प्यातली, मान तपासायला साफ. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या हातात ठेवलं नव्हतं, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. पहिल्या ५०० जणांच्या माहितीवरच निकाल स्पष्ट झाला. ज्यांची मान सुरुवातीलाच साफ केली, त्यांच्यातले तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांच्यातले ६७.५ टक्के. आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण तर ६९.५ विरुद्ध ४५.९ टक्के. २०१५ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या सर्जनांनी आपली पद्धत त्यावर बेतली.

कारण असं की हाताला न लागणाऱ्या, सोनोग्राफीतही न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी ग्रंथींमध्ये आधीच बसलेल्या असू शकतात. त्या हाताला लागण्याइतक्या मोठ्या होईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

मानेच्या शस्त्रक्रियेची किंमतही मोजावी लागते. खांदा उचलणारी नस याच भागातून जाते. ती जपली तरी काही महिने हात वर करायला, केस विंचरायला, वरच्या फळीवरचा डबा काढायला त्रास होतो. म्हणून फिजिओथेरपी घरी गेल्यावर सुरू करायची वाट पाहू नका, वॉर्डातच विचारा. फ्रान्स आणि जपानमध्ये सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी कॅन्सर आधी जिथे पोचतो ती 'सेंटिनल' ग्रंथी शोधून तेवढीच तपासण्याचे प्रयोग झाले. २०२० आणि २०२१ मध्ये आलेले त्यांचे निकाल चांगले आहेत: जगण्याचं प्रमाण तेवढंच, खांद्याचा त्रास कमी. पण त्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्य, खास कॅमेरा आणि ग्रंथीचे अगदी बारीक काप तपासणारी प्रयोगशाळा लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी पूर्ण शस्त्रक्रियाच सुरक्षित, असं माझं मत आहे.

जबड्याचं हाड काढावंच लागेल का?

गाठ हाडाला नुसती टेकली असेल, तर हाडाची वरची कड तासून खालची चौकट शाबूत ठेवता येते. हाडाच्या आत गेली असेल, तर तो भाग आरपार कापावा लागतो. या दोन्हींच्या मधले रुग्ण असतात, त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलच्या सर्जनांनी एक लहान अभ्यास केला: ६८ रुग्ण, निम्म्यांना आधी किमो आणि मग शस्त्रक्रिया, निम्म्यांची थेट शस्त्रक्रिया. किमो घेतलेल्या ३४ पैकी १६ जणांचा जबडा वाचला आणि जगण्यात फरक दिसला नाही. हा अभ्यास फार लहान आहे, त्यामुळे सरसकट सगळ्यांना आधी किमो द्यावी असं त्यावरून म्हणता येत नाही. "आमच्या रुग्णात कड तासून भागेल का?" एवढं मात्र सर्जनना जरूर विचारा.

पायाच्या हाडाचा जबडा होतो, हे कसं शक्य आहे?

गुडघ्याखाली दोन हाडं असतात. शरीराचं बहुतेक वजन नडगीचं जाड हाड पेलतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला दुसरं बारीक, लांब, सरळ हाड असतं, त्याचं नाव फिब्युला. त्याचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा काही सेंटिमीटर भाग जागेवर ठेवला की घोटा स्थिर राहतो. या हाडाला स्वतःची रक्तवाहिनी असते, आणि वरची कातडीही त्याच रक्तावर जगते. म्हणजे हाड आणि कातडी दोन्ही एका देठावर मिळतात: हाडाचा जबडा, कातडीचं गालाचं अस्तर.

ऑस्ट्रेलियात इयन टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड रक्तवाहिनीसकट दुसरीकडे लावून दाखवलं आणि न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये त्यापासून जबडा घडवला. आजही पद्धत मुळात तीच. डोक्याकडे एक टीम गाठ काढते, त्याच वेळी पायाकडे दुसरी टीम हाड सोडवते. सरळ हाड जागोजाग पाचरीसारखं कापून वाकवतात, टायटॅनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवतात आणि मग सगळ्यात नाजूक काम सुरू होतं. पायातून आलेली दोन-तीन मिलिमीटरची धमनी मानेतल्या धमनीला, शीर शिरेला, मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने शिवायची. टाके पूर्ण झाले की रक्त रोखून धरणारे चिमटे (क्लॅम्प) सोडतात. पांढुरकी पडलेली कातडी काही क्षणांत गुलाबी होते, तिच्या कडेतून ताजं रक्त झिरपतं, आणि अख्खं थिएटर तिकडे बघत असतं.

सगळं मिळून आठ-दहा तास सहज जातात. एवढा वेळ लागला म्हणजे आत काही बिघडलं, असं समजून बाहेर जीव टांगणीला लावू नका.

बाबा नंतर चालू शकतील का? ते शेतात जातात.

चालू शकतात. बहुतेकांना काही दिवसांत उभं करतात. सुरुवातीला पायाची बोटं उचलायला त्रास, घोट्याजवळ बधिरपणा आणि सूज असते. उकिडवं बसणं आणि चढण सगळ्यात शेवटी जमतं. शस्त्रक्रियेआधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढतात, त्यावर खर्च वाचवू नका. काही जणांच्या पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः याच हाडालगतच्या धमनीवर असतो. अशांचं हाड काढलं तर पाऊल धोक्यात येतं. मधुमेह आणि तंबाखूने रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांसाठी तर हा सीटी फार महत्त्वाचा.

आमच्या डॉक्टरांनी छातीचं मांस फिरवून लावू म्हटलं. हे जुनं झालं ना?

जुनं आहे, पण टाकाऊ मुळीच नाही. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत. छातीच्या स्नायूचा आणि कातडीचा पट्टा त्याच्या रक्तवाहिनीवरच ठेवून मानेखालून वर आणतात. मायक्रोस्कोप लागत नाही, वेळ निम्म्याहून कमी, आणि वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला ती झेपते. फक्त गाल किंवा जबड्याचा मागचा भाग गेला असेल, तर तिने छान भागतं. पुढचा, हनुवटीचा भाग गेला असेल तेव्हा मात्र हाडच हवं. नाहीतर खालचा ओठ लोंबतो, लाळ गळत राहते, आणि माणूस लोकांत जाणं सोडून देतो. अशा वेळी "मायक्रोव्हॅस्क्युलरची, म्हणजे मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडण्याची, सोय कुठे आहे?" हे आवर्जून विचारा. दोन-तीन आठवडे थांबावं लागलं तर चालेल का, हेही त्याच बैठकीत विचारा.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगायची राहून जाते: छातीच्या कातडीला केस असतील, तर ते तोंडात वाढतात. रेडिएशन मिळाल्यावर बहुतेकांचे गळतात. राहिलेच तर त्वचारोगतज्ज्ञ लेसरने काढू शकतात. घरी चिमट्याने उपटू नका.

आयसीयूत सिस्टर तासातासाला फ्लॅपला (दुसरीकडून आणून लावलेल्या कातडी-मांसाच्या तुकड्याला) हात लावून का बघतात? सुईने टोचतातसुद्धा.

रक्तवाहिनीच्या जोडात गुठळी झाली, तर ती पहिल्या दोन-तीन दिवसांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त. कातडी निळी-जांभळी पडली तर रक्त बाहेर पडत नाही, फिकट आणि थंड झाली तर आत येत नाही. टोचल्यावर लालभडक थेंब हळूहळू आला की सगळं ठीक. बिघाड वेळेत दिसला आणि रुग्णाला तातडीने परत थिएटरमध्ये नेलं, तर बरेच फ्लॅप वाचतात. म्हणून रात्री दोन वाजता सही मागायला कोणी आलं, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

गळ्याला पाडलेलं भोक कायमचं असतं का?

या शस्त्रक्रियेत सहसा नाही. तोंडातली सूज उतरेपर्यंत श्वासाचा रस्ता सुरक्षित ठेवण्यासाठी ते असतं. नळी निघाल्यावर भोक बहुधा आपोआप भरतं. तोवर बोलता येत नाही, म्हणून पाटी-पेन्सिल जवळ ठेवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी पाणी, दुखतंय, लघवी, घरचे अशी चित्रं काढून ठेवा. हे साधं काम आदल्या दिवशी केलेल्या घरांत रुग्ण कितीतरी शांत असतो.

थ्रीडी प्रिंटिंगने फरक पडतो का?

पडतो, विशेषतः जबड्याचा मोठा भाग गेला असेल तर. सीटीवरून संगणकावर आधीच ठरवतात की हाड कुठे आणि किती अंशात कापायचं. त्याचा साचा छापून थिएटरमध्ये हाडावर बसवतात आणि त्याच्या खाचेतून करवत चालवतात. वेळ वाचतो, दात जुळण्याची शक्यता वाढते. अनुभवी हातांनी साच्याशिवायही उत्तम जबडा होतो. त्यामुळे खर्च झेपत नसेल तर मनाला लावून घेऊ नका.

साच्याने मोजून कापण्याचं हे तंत्र आपल्या मातीला परकं नाही. पुण्याजवळ झालेल्या एका नाकाच्या शस्त्रक्रियेची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याबरहुकूम कातडी कापली आणि देठावर फिरवून नाक बनवलं. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ती पसरली.

रेडिएशनबरोबरची किमो एक डॉक्टर दर आठवड्याला म्हणतात, दुसरे तीन आठवड्यांनी. कोणाचं ऐकायचं?

दोघंही बरोबर असू शकतात. सगळं डोसवर आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर तुलना केली. दर आठवड्याला शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिलेल्या गटात दोन वर्षांनी ५८.५ टक्के रुग्णांत तोंड-मानेतला आजार आटोक्यात होता. तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम दिलेल्या गटात ७३.१ टक्के. त्रासही अर्थात दुसऱ्या गटाला जास्त झाला. पुढे जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांत आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिले आणि तो डोस तीन आठवड्यांच्या डोसपेक्षा कमी पडला नाही. म्हणून "आठवड्याला" म्हटलं की लगेच विचारा: तीस की चाळीस?

किडनी कमजोर असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर सिस्प्लॅटिन देता येत नाही. अशा ३५६ रुग्णांवर डॉ. विजय पाटील आणि टाटाच्या टीमने केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ४१.७ टक्के जिवंत होते. त्याच्या जोडीला आठवड्याला डोसिटॅक्सेलचा छोटा डोस घेतलेल्यांपैकी ५०.८ टक्के. हे औषध स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. "किमो देता येणार नाही" असं ऐकून गप्प बसण्याआधी डोसिटॅक्सेलचं नाव घ्या.

इम्युनोथेरपीबद्दल खूप ऐकलं. घर विकून करावी का?

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. घर विकण्याआधी आपला रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे ते समजून घ्या, कारण दोन वेगळ्या परिस्थितींत उत्तर वेगळं आहे.

आजार वाढलेला, पण शस्त्रक्रिया होण्यासारखा असेल, तर २०२५ मध्ये मोठी बातमी आली. ७१४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एका गटाला शस्त्रक्रियेआधी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे दोन डोस आणि नंतर १५ डोस दिले. तीन वर्षांनी त्या गटातले ५७.६ टक्के रुग्ण आजार न उलटता, न वाढता जगत होते, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४६.४ टक्के. अमेरिकेत त्याच वर्षी जूनमध्ये याला मंजुरी मिळाली, तीही गाठीत पीडी-एल१ नावाचं प्रथिन ठरावीक प्रमाणात असलेल्यांसाठी. १७ डोसांचा खर्च बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेर आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन वेळेवर, पूर्ण होणं याला आजही पहिला मान आहे, आणि या औषधासाठी पैसे जमवण्यात शस्त्रक्रिया लांबवणं मला धोक्याचं वाटतं.

आजार उलटला असेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर टाटा मेमोरियलमधूनच आलेला निकाल मला फार मोलाचा वाटतो. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एरवी दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात. डॉ. पाटील आणि सहकाऱ्यांनी दिलं तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षाअखेर १६.३ टक्के जिवंत होते. २० मिलिग्रॅमची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. यात पूर्ण डोसशी थेट तुलना केलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण ज्यांना पूर्ण डोस परवडणारच नाही, त्यांच्यापुढे यामुळे खरा पर्याय आला.

त्याच टीमने त्याआधी २०२० मध्ये ४२२ रुग्णांवर दाखवलं होतं की मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या साध्या गोळ्या घेणारे सरासरी साडेसात महिने जगले, सलाइनमधून सिस्प्लॅटिन घेणारे ६.१ महिने, आणि गोळ्यांचा गंभीर त्रासही कमी होता. आकडे लहान आहेत, पण तो काळ रुग्णाला घरी काढता आला, दर वेळी भरती व्हावं लागलं नाही.

रेडिएशनने मानेची कातडी काळी पडून सोलतेय. हळद लावू का?

लावू नका. सोललेल्या कातडीवर हळद, तूप, कोरफडीचा घरचा गर, टूथपेस्ट, पावडर यातलं काहीच नको. हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या ६८६ रुग्णांना रेडिएशनच्या काळात देऊन पाहिल्या, तरी कातडीच्या त्रासात फरक पडला नाही.

उपयोग होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, आणि इथे अलीकडच्या संशोधनाने खरोखर नवं दाखवलंय. ही कातडी नुसत्या किरणांनी बिघडत नाही, नाकात आणि कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू तिला आणखी बिघडवतात. न्यूयॉर्कमध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात एका गटाने रेडिएशन सुरू होण्याआधी पाच दिवस, आणि मग अधूनमधून, नाकात म्युपिरोसिन हे जंतू मारणारं मलम आणि अंगाला क्लोरहेक्सिडीनचा साबण वापरला. त्या गटात ओली होऊन सोलणारी कातडी कुणालाच झाली नाही. दुसऱ्या गटात ३८ पैकी ९ जणांना झाली. अभ्यास छोटा आहे, पण दोन्ही औषधं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. डॉक्टरांना विचारून वापरा, आणि सुरुवातीलाच विचारा, कातडी सोलल्यावर नको. टोरंटोमध्ये स्तनाच्या रुग्णांना चिकटवलेल्या पातळ सिलिकॉन फिल्मनेही मध्यम ते तीव्र त्रास ४५.६ वरून १५.५ टक्क्यांवर आला. मानेच्या वळणांवर ती नीट बसत नाही, ही अडचण आहे.

एरवी कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून पुसणं, सुती मऊ कापड. कॉलरचा शर्ट, सोन्याची चेन, मंगळसूत्र आणि वस्तरा या काळात बाजूला ठेवा. दाढी करायचीच तर इलेक्ट्रिक मशीनने.

एर्लोटिनिबच्या गोळ्यांनी चेहऱ्यावर पुळ्या आल्या. औषध बंद करू?

मनाने बंद करू नका. या मुरुमांच्या पुळ्या नाहीत, त्यामुळे मुरुमांची मलमं लावली तर कातडी आणखी कोरडी होते. याच वर्गातल्या दुसऱ्या एका औषधावर २०१० मध्ये ९५ रुग्णांचा अभ्यास झाला. पुळ्या यायच्या आधीपासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिन दिल्यावर मध्यम किंवा तीव्र त्रास ६२ वरून २९ टक्क्यांवर आला. गोळ्या सुरू होतानाच त्वचारोगतज्ज्ञांची भेट ठरवलेली बरी.

मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन (किमोच्या गोळ्या) सुरू आहे. तळहात-तळपाय लाल होऊन भगभगतात.

यावरचं उत्तर दिल्लीच्या एम्समधून आलं. २६४ रुग्णांच्या अभ्यासात तळहातांना दिवसातून दोनदा एक टक्का डायक्लोफिनॅक जेल लावलं. हो, तेच, गुडघेदुखीला चोळतो ते. मध्यम-तीव्र त्रास डायक्लोफिनॅकच्या गटात ३.८ टक्क्यांना झाला, औषध नसलेल्या साध्या जेलच्या गटात १५ टक्क्यांना. २०२४ मध्ये निकाल छापला गेला. त्रास होऊ नये म्हणून ते सुरुवातीपासून लावायचं असतं. फोड फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही.

रेडिएशनआधी दात का काढतात?

कारण रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तेव्हा दात काढला तर जखम न भरता हाड कुजू शकतं. किडलेले दात आधी काढा, दहा-पंधरा दिवस भरू द्या, मग रेडिएशन. पुढेही कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तर पहिलं वाक्य "माझ्या तोंडाला रेडिएशन झालंय" हे असू द्या. दात काढताना ऑक्सिजन चेंबरमध्ये बसवलं की हाड वाचतं असा समज होता. ब्रिटनमधल्या १४४ रुग्णांच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी महागडी पॅकेजं घेऊ नका.

तोंड उघडतच नाही. व्यायामाने फरक पडेल?

पडतो, पण तो रोज, दिवसातून बऱ्याच वेळा आणि कित्येक महिने करावा लागतो. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं तर तोंड आखडलंय असं धरतात. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत घालून दर काही दिवसांनी एक काडी वाढवणं, ही सर्वांत स्वस्त आणि जमणारी पद्धत. सुपारीने आधीच गाल कडक झालेल्यांना हे जास्त अवघड जातं. सुपारीत तंबाखू नसली तरीही ती कॅन्सर घडवते, हे २००४ पासून जागतिक पातळीवर मान्य झालंय. "मी फक्त साधी सुपारी खातो" हे मी इतक्यांदा ऐकते की इथे ते लिहिणं भाग आहे.

साडीमुळे कॅन्सर होतो अशी बातमी आली होती. खरी होती का?

बातमीचा मथळा भडक होता, आतली गोष्ट खरी आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एकीला परकराची नाडी घट्ट बांधायची सवय, दुसरी परकराशिवाय लुगडं कंबरेला आवळून नेसणारी. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून कातडी काळी पडली, सोलली, जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी तिथे त्वचेचा कॅन्सर निघाला. भाजल्याच्या जुन्या व्रणातही असाच कॅन्सर होतो. म्हणजे दोष सततच्या न भरणाऱ्या जखमेचा. नाडी रुंद आणि सैल ठेवा, जागा बदला, कंबरेवरचा चट्टा ओलसर किंवा जाड होऊ लागला तर दाखवा. आईला, आजीला स्वतःहून विचारा. अशा जागेबद्दल त्या आपण होऊन सांगत नाहीत. तळपायावर किंवा नखाखाली पसरत जाणारा काळा डागही दाखवून घ्या. आपल्या लोकांत मेलानोमा (रंग देणाऱ्या पेशींचा त्वचेचा कॅन्सर) दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा अनेकदा तिथेच असतो.

ट्रायलमध्ये नाव घालू का? प्रयोगाला माणूस दिल्यासारखं वाटतं.

वर सांगितलेले बहुतेक आकडे कुणीतरी ट्रायलला होकार दिला म्हणून आपल्याला मिळाले. तरीही सही करण्याआधी सगळं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ट्रायलची भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद आहे का? रुग्णाला एरवी जे उपचार मिळाले असते, ते दोन्ही गटांत मिळणार का? तपासण्यांचा खर्च कोण करणार? मध्येच बाहेर पडायचं झालं तर? बाहेर कधीही पडता येतं, आणि त्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. घाई करणाऱ्याला "उद्या सांगतो" म्हणा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतं, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरण्याआधी. एकदा रोख भरून दाखल झाल्यावर मागाहून योजनेत घालणं त्रासाचं होतं.

घरातल्या बाकीच्यांनी काय करावं?

ज्यांना तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी किंवा दारूची सवय आहे, त्यांचं तोंड दर वर्षी तपासून घ्या. केरळात तिरुवनंतपुरम परिसरात दीड लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उजेडात फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. हा निकाल २००५ चा. घरी बघायचं असेल तर खिडकीजवळ उभे राहा, कवळी काढा, गाल बोटाने बाजूला ओढून आतून बघा, जीभ वर करून खालचा भाग बघा, मग दोन्ही कडा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, गालात घट्ट लागणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात त्याच आठवड्यात जा.